लेवांतो ते ओर्तिझेई : इटलीतल्या दोन लहान गावांत दोघांचा मुक्काम

इटलीच्या ठरलेल्या सहलींत लहान गावांच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. बस थांबते, फोटो होतात, बस सुटते. पण ही गावं खरी कळतात ती सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, दिवसाचे प्रवासी निघून गेल्यावर. म्हणून आम्ही दोघांनी पाच रात्री लिगुरियाच्या किनाऱ्यावर लेवांतोला, पाच रात्री डोलोमाइट डोंगरांत ओर्तिझेईला आणि मध्ये एक रात्र वेरोनाला अशी आखणी केली. एजंट नाही, भाड्याची गाडी नाही. ट्रेन, बस, रोपवे आणि पाय. अशा प्रवासात पैशापेक्षा वेळापत्रकं जास्त अडवतात. हंगामाचं, दुकानांचं, शेवटच्या रोपवेचं. ती आधी वाचली तर बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

सगळ्यात आधी हंगाम. किनारा आणि डोंगर एकाच सहलीत जोडायचे तर दोन्हीकडे एकाच वेळी सगळं चालू असण्याचे दिवस फार नाहीत. डोलोमाइटमधले उन्हाळी रोपवे साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बंद होऊ लागतात. मग थेट डिसेंबरात स्कीइंगसाठी उघडतात. मधल्या महिन्यांत गाव असतं, पण वर जायची सोय नसते. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं कुलूपबंद. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, पण १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीभोवती सगळी इटलीच समुद्रावर आणि डोंगरात असते. राहिला जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर. त्यातला सप्टेंबर आम्हाला जास्त पटतो: समुद्राचं पाणी अजून कोमट असतं आणि डोंगरात दुपारची वादळं कमी झालेली असतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी जायला हवा, पण उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळा आधीच भरतात. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचा आकार. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

नवरा-बायकोने एकत्र जायचं असलं तरी अर्ज दोन. इथेच चुका होतात. हॉटेलचं बुकिंग एकाच्या नावाने झालेलं असतं आणि कागदावर दुसऱ्याचं नावच नसतं. बुकिंग करताना दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी घालून घ्यावीत. खर्च एकाच्या खात्यातून दाखवायचा असेल आणि बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. दाखला फक्त मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर करून घ्यावं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर शंका येते. सहा महिन्यांचा नेहमीचा व्यवहार दिसलेला बरा. पत्रासोबत एक साधा तक्ता द्यावा: तारीख, गाव, मुक्काम, एका गावाहून दुसऱ्या गावाला कसं जाणार. लहान गावांची नावं पाहून ‘इथे का’ असा प्रश्न पडू शकतो, त्याचं उत्तर तो तक्ताच देतो.

मुक्कामासाठी याच किनाऱ्यावरच्या ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणवल्या जाणाऱ्या पाच गावांपैकी एखादं न घेता लेवांतो घेण्याचं कारण सपाट जमीन. लेवांतो या पाच गावांच्या अगदी आधीचं स्टेशन. पहिलं गाव मोंतेरोस्सो ट्रेनने पाचेक मिनिटांवर. इथे स्टेशनपासून घरापर्यंत बॅग ओढत नेता येते, वाळूचा किनारा आहे, रोजच्या वापराची दुकानं आहेत आणि भाडं कमी. व्हेर्नात्सा किंवा मानारोलात घर घेतलं की जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं आणि ती पाच मिनिटं उभ्या जिन्याची निघतात. घरमालकाला एकच प्रश्न आधी विचारावा, ‘किती पायऱ्या?’ इटालियनमध्ये ‘क्वांती स्कालीनी?’ आकडा सांगतात, आणि खरा सांगतात.

खोली निवडताना दोन शब्द ओळखीचे असू द्यावेत. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे डबल बेड, ‘दोप्पिया’ म्हणजे दोन वेगळे पलंग. लहान ठिकाणी चोवीस तास माणूस बसलेला नसतो, त्यामुळे पोहोचायची वेळ आधी कळवावी लागते, आणि ट्रेन चुकली तर लगेच निरोप द्यावा लागतो. पोहोचल्यावर पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं मालकाला बंधनकारक आहे. पर्यटक कर माणशी, रात्रीमागे, वेगळा. बऱ्याच ठिकाणी रोखीने. १०-२० युरोच्या नोटा जवळ ठेवाव्यात. बाकी बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. मशीनने ‘रुपये की युरो’ असं विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडले की बदलाचा दर ते ठरवतात आणि तो महागच असतो.

सामान माणशी आठ-नऊ किलो, चाळीस लिटरची पाठीवरची बॅग. दोघांत मिळून एकच मोठी सुटकेस नेली तर जिन्यावर एकाच्याच हाताला ओझं येतं आणि दुसरा मोकळा राहतो. दोन बॅगा बऱ्या. विजेचं म्हणाल तर मोबाइल चार्जरची आपली बारीक दोन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसते. लॅपटॉपची जाड तीन पिनांची बसत नाही, आणि ॲडॅप्टर घेताना बारीक पिनांचाच घ्यावा, कारण लिगुरियातल्या जुन्या घरांत जर्मन पद्धतीची जाड प्लगही जात नाही. ओर्तिझेईकडे ती अडचण येत नाही.

आता ट्रेन, कारण सगळा प्रवास तिच्यावर उभा आहे. मिलानच्या चेन्त्राले स्टेशनहून लेवांतोला इंटरसिटी सुमारे तीन तासांत पोहोचते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं तिकीट विमानासारखं, जितकं आधी तितकं स्वस्त, आणि ते त्याच गाडीला बांधलेलं. ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाडीचं भाडं मात्र ठरलेलं, आसन क्रमांक नाही, आधी काढून काही वाचत नाही. स्टेशनवर मशीनमधून काढलेलं कागदी रेजिओनाले तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या लहान पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्क्यानंतर ते चार तास चालतं. शिक्का नसेल तर पैसे भरलेले असूनही दंड होतो. फोनवर काढलेल्या रेजिओनाले तिकिटाला शिक्का नसतो; पूर्वी त्याला चढण्याआधी लिंकवरून ‘चेक-इन’ करावं लागे. परदेशी पाहुण्यांना दंड होताना दिसतो तो बहुधा शिक्का राहून गेल्यामुळे.

फलाटावरच्या छापील तक्त्यांत पिवळा ‘पार्तेंझे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा ‘आर्रीवी’ म्हणजे येणाऱ्यांचा. घाईत पांढरा वाचला की सगळंच उलटं होतं. इलेक्ट्रॉनिक फलकावर ‘बिन.’ फलाट, ‘रिट.’ उशीर, ‘सोप्प्रेस्सो’ रद्द. आणि ‘शोपेरो’ हा शब्द दिसला तर थांबून नीट वाचावं: संप. इटलीत संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडणं बंधनकारक असतं. संपाच्या दिवशी गाव बदलायचं असेल तर सकाळच्या त्या तीन तासांत निघावं.

पाच गावांमधली ट्रेन दोन-पाच मिनिटांत पुढचं गाव गाठते आणि बहुतेक वाट बोगद्यातली. व्हेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे इथे फलाटाचा काही भागच बोगद्यात असल्यामुळे शेवटच्या डब्यातल्या माणसाला खिडकीतून काळोख दिसतो आणि ‘हे स्टेशन नाही’ असं वाटून तो बसूनच राहतो. स्टेशनांची क्रमवारी पाठ ठेवावी: लेवांतो, मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे, ला स्पेझिया. कोर्निलिया समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे आणि स्टेशन खाली, त्यामुळे पावणेचारशेच्या वर विटांच्या पायऱ्या. पायऱ्या रुंद आणि उताराच्या, दम लागतो पण गुडघ्यांना जड जात नाहीत. लहान बसही असते. ट्रेन आली की तिच्यासाठी रांग लागते. बोटी वसंतापासून शरदापर्यंत चालतात, पण कोर्निलियाला धक्काच नाही, आणि समुद्र जरा खवळला तरी फेऱ्या बंद. बोटीतून उतरायला नाळेवरून अरुंद फळी टाकतात, ती लाटेबरोबर हलते. तोल सांभाळणं अवघड जात असेल त्यांनी ट्रेनच घ्यावी.

पायवाटांपैकी मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा आणि व्हेर्नात्सा ते कोर्निलिया या दोन टप्प्यांसाठी हंगामात राष्ट्रीय उद्यानाचं सशुल्क कार्ड लागतं. अंतर प्रत्येकी साडेतीन-चार किलोमीटर, पण सपाट एक फर्लांगही नाही. दीड ते दोन तास धरावेत. मोंतेरोस्सोहून सकाळी आठच्या आत निघालं तर चढणीच्या पायऱ्या सावलीत होतात, आणि व्हेर्नात्साचं बंदर वरून दिसतं तेव्हा ऊन त्याच्यावर असतं. तळ घट्ट धरणारे बूट हवेत. चपला-सॅंडल घालून या वाटांवर जायला मनाई आहे, दंडही आहे, आणि दगड पाहिल्यावर तो का हे कळतं. मानारोला-रिओमाज्जोरे ही समुद्राकाठची सपाट ‘व्हिया देल्लामोरे’ २०१२ साली दरड कोसळून बंद झाली होती. २०२४ मध्ये उघडली, पण वेळ राखून, वेगळं तिकीट काढून. हवामान खात्याचा पावसाचा इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येतो आणि वरच्या इशाऱ्यांना वाटा बंद करतात. ‘ऊन तर आहे’ म्हणून साखळी ओलांडू नये. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सा चिखल-दगडांखाली गाडली गेली होती.

वाटेवर थांबून पाहावी अशी गोष्ट म्हणजे भिंत. सगळा डोंगर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत कापलेला आणि प्रत्येक पायरी दगडी भिंतीने तोललेली, चुना-सिमेंट काहीही न लावता. आपल्या कोकणात गडगा घालतात तोच प्रकार, फक्त इथे तो कुंपण म्हणून नाही, माती धरून ठेवायला. जवळून पाहिलं की रचना कळते: दर्शनी बाजूला मोठे दगड, भिंत किंचित डोंगराकडे कललेली आणि तिच्यामागे लहान दगडांची भर. पाऊस पडला की पाणी या भरीतून झिरपून फटींतून बाहेर येतं. सिमेंटने फटी बुजवल्या तर तेच पाणी मागे साठून भिंत ढकलून देतं. द्राक्षांची शेती सोडून लोक गेले तशा भिंतीही दुरुस्तीवाचून ढासळल्या आणि दरडी वाढल्या. २०१८ साली कोरड्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोच्या यादीत आली. म्हणून वाट चुकवून शेतातून आडवं जाणं, फोटोसाठी भिंतीवर चढणं हे तिथे फार लागतं लोकांना. निसटलेला एक दगड म्हणजे पुढच्या पावसाला मोकळी वाट. मानारोलाच्या वर द्राक्षं खाली आणायला एकाच रुळावर चालणारी दातेरी गाडी दिसते, तिच्या रुळावरही पाय देऊ नये.

जेवणाच्या वेळा घट्ट आहेत. किराणा दुकान दुपारी साडेबारा-एकला बंद होतं ते साडेतीन-चारला उघडतं. रविवारी दुपारनंतर बरंच काही बंद. उपाहारगृहाचं स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर. अडीचनंतर उपाशी माणसाला फोकाच्याची, म्हणजे ऑलिव्ह तेल घातलेल्या चपट्या पावाची बेकरी हाच आधार, आणि तिच्यातही सकाळचा घाणा उत्तम. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात; ती टीप नव्हे, बसण्याचा आकार. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलं की महाग.

शाकाहारी माणसाची लिगुरियात चांगली सोय होते, आणि याचं कारण हरभऱ्याचं पीठ. ‘फारिनाता’ म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. एक भाग पीठ, तीन भाग पाणी वजनाने; काही तास भिजवून वर आलेला फेस काढून टाकतात आणि तांब्याच्या रुंद परातीत पाऊण सेंटिमीटरचा थर ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आत मऊ. आपल्या पोळ्याचं धिरड्याशी असतं तसं तिचं बेसनाच्या पोळ्याशी नातं, फक्त हळद-मिरची नाही; वर मिरपूड घालून गरमच खावी, थंड झाली की चिवट होते. बऱ्याच ठिकाणी ती भट्टी तापल्यावर, म्हणजे संध्याकाळीच मिळते. ‘त्रोफिये’ पास्ता पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीत, बटाटा आणि फरसबीसकट येतो. रानभाज्या भरलेले ‘पान्सोती’ अक्रोडाच्या सॉसमध्ये. ज्यांना रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला वापरतात तो जनावराच्या पोटातला पदार्थ, चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं की पेस्तोतल्या पार्मिजानो चीजमध्ये वासराचं रेनेट असतं. ‘मांस नको’ एवढ्यावर भागत नाही, ‘सेंझा कार्ने, सेंझा पेश्शे’ असं मासेही वगळून सांगावं, कारण अँचोवी हा मासा तिथे मिठासारखा वापरतात. आणि रिझोत्तो, सूप मागवताना ‘ब्रोदो दी व्हेर्दुरे?’ असं विचारावं, म्हणजे भाजीचा रस्सा की हाडांचा ते कळतं.

गाव बदलण्याचा दिवस अख्खा धरावा. लेवांतोहून मिलानला परत जाऊन वेरोना गाठणं नकाशावर उलटं दिसतं, पण गाड्या कमी बदलाव्या लागतात. पहिल्या आणि दुसऱ्या गाडीची तिकिटं वेगळी काढली असतील तर मध्ये किमान एक तास ठेवावा. पहिली उशिरा आली म्हणून दुसरीचं तिकीट कुणी बदलून देत नाही. वेरोनाच्या रात्रीमुळे हा ताण निम्मा होतो. सकाळी वेरोनाहून आदिजे नदीच्या काठाने बोल्झानो, तिथून बसने तासाभरात ओर्तिझेई.

बोल्झानोपासून पाट्या बदलतात. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, त्यामुळे प्रत्येक गावाला जर्मन नाव आहे, आणि या खोऱ्यात लादिन भाषेतलं तिसरंही. ओर्तिझेई म्हणजेच संक्ट उलरिख, म्हणजेच उर्तियेई. सेल्वा म्हणजे वोल्केनश्टाइन. बसच्या कपाळावर कधी एक असतं, कधी दुसरं. तिन्ही नावं कागदावर लिहून ठेवली तर बस चुकत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी प्रवाशांचा पास मागावा, तो बऱ्याच घरांत भाड्यातच मिळतो आणि त्यावर प्रांतातल्या बस व प्रादेशिक गाड्या फुकट. ओर्तिझेईहून वर जाणारे रोपवे मात्र त्यात नाहीत, त्यांचं तिकीट वेगळं आणि चांगलंच महाग. म्हणून एक दिवस एकच रोपवे आणि वर पूर्ण दिवस, असं बसवावं.

आल्पे दी सिउझी हे सुमारे ५६ चौरस किलोमीटरचं उंचावरचं गवताळ पठार. खासगी गाड्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ रस्ता बंद, तेव्हा ओर्तिझेईहून केबिनने गेलेलं सोपं. सेचेदा या शिखरासाठी दोन टप्प्यांत, गावाच्या १,२३६ मीटरवरून जवळजवळ २,४५० मीटरवर. खाली टी-शर्ट पुरतो, वर वाऱ्यात जाकीट लागतं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ वर चढण्याआधी तिकीटखिडकीवरच्या पाटीवरून वाचून फोटो काढून ठेवावी. हंगामाअखेर ती साडेचार-पाचलाच असते. चुकली तर सव्वा हजार मीटर उतार पायी, अंधार पडता पडता.

इथल्या वाटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांत क्रमांक असतो आणि पाटीवर अंतर नसतं, वेळ असतो. ‘२ तास’ म्हणजे सवयीच्या पायांचे, न थांबता. आम्ही दीडपट धरतो आणि तो हिशेब जुळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतर गडगडाट सुरू होऊ शकतो, तेव्हा कड्यावर नसावं. कुरणांना विजेच्या तारेचं कुंपण असतं. वाटेतलं फाटक उघडलं की मागे लावून घ्यायचं, दुसरा येतोय म्हणून उघडं सोडायचं नाही. गाईंच्या मधून जाताना वासराच्या आणि आईच्या मध्ये येऊ नये. आणीबाणीत ११२.

डोंगरातलं जेवण जड आणि लवकर, साडेसहा-सातला. इथे शाकाहाऱ्याची फसगत ‘स्पेक’ने होते, हे धुरी दिलेलं डुकराचं मांस. शिळ्या पावाचे ‘क्नोडेल’ गोळे साधे म्हणून मागवले की त्यात स्पेक. पालकाचे किंवा चीजचे मागवावेत, लोणी घालून, रश्श्यात नको. जवाच्या सूपमध्येही बहुधा तो असतोच. पालक-रिकोता भरलेले ‘श्लुत्सक्रापफेन’ आणि अळंबी घातलेला पोलेंता, म्हणजे मक्याच्या भरड पिठाची उकड, बिनधोक.

ओर्तिझेईच्या मुख्य गल्लीत लाकडी कोरीव कामाची दुकानं आहेत. खोऱ्यातला हा धंदा शतकांचा जुना, एकेकाळी इथल्या लाकडी बाहुल्या युरोपभर जात. सावंतवाडीची चितारआळी पाहिलेल्या माणसाचे पाय तिथे थबकतातच. मशीनवर कापलेलं आणि हाताने कोरलेलं यांतला फरक पाठीमागे पाहिल्यावर कळतो, हाताच्या कामात पटाशीचे बारीक, असमान घाव राहतात. किंमतही तशीच, आणि दुकानदार दोन्ही शेजारी ठेवून खुशीने दाखवतात.

परतीच्या आदल्या संध्याकाळी पर्यटक कर चुकता करावा, कारण सकाळच्या पहिल्या बसच्या वेळी काउंटरवर कुणी नसतं. निघण्याचा दिवस रविवार असेल तर बसचं रविवारचं वेळापत्रक पाहावं. ते वेगळं असतं, आणि छापील तक्त्यात क्रूसाची खूण म्हणजे सणवार-रविवार, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस.